रंगीत ओसरी

फळ्यावर पाच शब्द होते : स्टोइक, स्टॉलिड, इम्पॅसिव्ह, फ्लेग्मॅटिक, डेडपॅन. पाचांना मिळून सरांनी एक मोठा महिरपी कंस काढला आणि त्याच्या टोकाशी लिहिलं, ‘चेहऱ्यावर भावना न दाखवणारा’. पुण्यात बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या आम्हा साठ-सत्तर मुलामुलींना शब्दांशी एवढी ओळख पुरे होती. लक्षात राहत नसतील तर प्रत्येक शब्दाला ओळखीचा एकेक चेहरा चिकटवा, असा सरांचा तोडगा. शब्द विसरतो, चेहरा विसरत नाही. शेजारच्या मुलीने महेंद्रसिंग धोनी लिहिला, तिच्या पलीकडच्याने स्वतःचे वडील. मी पाचही शब्दांपुढे एकच नाव लिहिलं : आज्जी.

वही मिटली, पण मनातून ते जाईना. एका बाईला पाच शब्द कसे लागू पडतील? आणि पडत असतील, तर त्यांतला तिचा कुठला?

आज्जी केमची. माहेर केम, सासरही केम, मध्ये उत्तरेश्वराचं देऊळ. करमाळा तालुक्यातलं हे गाव पुणे-सोलापूर लोहमार्गावर कुर्डुवाडीच्या थोडं अलीकडे येतं. बऱ्याच गाड्या तिथे न थांबता धडधडत निघून जातात. त्यांतल्या प्रवाशांना खिडकीतून पिवळी पाटी दिसते न दिसते तोच स्टेशन मागे पडतं. पण त्यांच्यातल्या कुणाच्या तरी देव्हाऱ्यात, करंड्यात किंवा पंढरपूर-तुळजापूरहून आणलेल्या प्रसादाच्या पुडीत आमचं गाव असतं. सोलापूर जिल्ह्यात ‘केम’ म्हटलं की समोरचा लगेच ‘कुंकवाचं का?’ म्हणतो.

हळद पिवळी आणि कुंकू लाल, तर मधला लाल येतो कुठून? हा प्रश्न मी पाच-सहा वर्षांची असताना आज्जीला विचारला होता. तिने सांगितलं काहीच नाही. तळहातावर चिमूटभर हळद घेतली, वर लिंबाचे दोन थेंब पिळले. हळद ओली झाली, पिवळीच राहिली. मग हात धुतला, पुन्हा हळद घेतली, तात्यांच्या, म्हणजे आजोबांच्या, पानाच्या चंचीतली चुन्याची डबी उघडून बोटाच्या टोकावर चुना घेतला आणि हळदीत कालवला. बघता बघता तळहात रक्तासारखा लाल झाला. मी किंचाळले असेन. आज्जीच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. रोज भाकरी थापताना असायचा तसाच चेहरा.

पुढे विज्ञानाच्या पुस्तकात हाच खेळ भेटला. हळदीत कर्क्युमिन असतं. आम्लात ते पिवळंच राहतं, अल्कलीत तांबडं होतं, म्हणून हळद हा ‘नैसर्गिक दर्शक’. ज्यांच्याकडे भाजीचा डाग पडलेला सदरा साबणाने घासला गेला आहे, त्यांना हे पुस्तकाशिवायही माहीत असतं. जुन्या पद्धतीच्या कुंकवात हळदीबरोबर लिंबाचा रस आणि सवागी, म्हणजे टाकणखार, असे. एकटं लिंबू हळदीला हलवू शकत नाही, सवागीची सोबत लागते. (हल्लीच्या स्वस्त कुंकवात पिठी आणि रंगच जास्त, हे केमच्या माणसाने सांगायचं म्हणजे घरचं उणं बाहेर काढणं. पण आहे ते आहे.) मला मात्र तो शब्द आवडला होता, दर्शक. दाखवणारा. हळद लिंबापुढे ढिम्म आणि चुन्यापुढे लालेलाल, मग हळदीला भावना दाखवणारी म्हणायचं की न दाखवणारी? तुम्ही तिच्यावर काय पिळलं, यावर ते आहे.

आज्जी कुंकवाच्या कारखान्यात कामाला होती. चाळायचं, तोलायचं, पुड्या भरायच्या. पूर्वी हे काम एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर चाले. बायका ओळीने बसत, नाकातोंडावरून पदराचा फेटा घट्ट बांधलेला, फक्त डोळे उघडे. ओसरीचे खांब, पायऱ्या, कोनाडे सगळं लाल. भिंतीला टेकलं की पाठ लाल. मी शाळा सुटल्यावर तिथे जायची आणि ओळीतली आज्जी ओळखायचा खेळ खेळायची. बाकीच्या बायकांचे डोळे हसायचे, वैतागायचे, कुणाची तरी उणीदुणी काढताना बारीक व्हायचे. ज्या डोळ्यांत काहीच हालत नसेल ती आपली.

तिला विनोद कळत नव्हता असं नाही. शेजारची काकू मुलाच्या पुण्यातल्या नव्या फ्लॅटचं कौतुक सांगत होती. दोन खोल्या, हॉल आणि तीन संडास. आज्जीने ऐकून घेतलं, सुपातले खडे वेचणं थांबवलं आणि विचारलं, “आजारी हाय का गं कोण?” काकू बिचारी उत्तर द्यायला लागली. आज्जी पुन्हा खड्यांकडे वळली. मी आत पळून जाऊन उशीत तोंड खुपसलं.

२००५ साली तात्या गेले. मी सात वर्षांची होते. अंगणात बायका जमल्या होत्या आणि मध्ये आज्जी बसली होती. एका वयस्कर बाईने पुढे होऊन तिच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. पुसलं तरी खाली ठिपका उरलाच, हिरवट. मला वाटलं, कुंकवाचा रंग बदलला. लाल कुंकू खाली हिरवं असतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ते गोंदण होतं. लहानपणी जत्रेत सुईने टोचून घेतलेलं, दोन भुवयांच्या मध्ये. त्या बाईलाही ते माहीत असणार, तिच्या स्वतःच्या कपाळावरही होतं. तरी तिचा हात थांबेना. तिने पदराचं टोक ओलं केलं आणि पुन्हा घासलं. मग केव्हातरी तिला समजलं असावं की हे निघणारं नाही. तिने हात मागे घेतला. हे सगळं होत असताना आज्जी समोरच्या तुळशीकडे बघत होती.

“टिपूस न्हाई डोळ्यात. दगड हाय नुसती,” माझ्या उजवीकडची बाई पुटपुटली. “धीराची हाय, धीराची,” डावीकडची म्हणाली. चेहरा एकच आणि दोघींच्या मध्ये मी.

तेरावा झाल्यावर आज्जी कामावर गेली. विधवेने कुंकू चाळावं का, यावर दोन दिवस गल्लीत कुजबुज झाली असं आई सांगते, पण चाळणाऱ्या हातांची गरज सगळ्यांनाच होती, ती कुजबुज विरली. संध्याकाळी आज्जी घरी आली ती नखशिखांत लाल. भुवया लाल, पापण्या लाल, आणि ज्या कपाळावरून पंधरवड्यापूर्वी बायकांनी चिमूटभर कुंकू पुसलं होतं, तेही गच्च लाल. ती दारातून थेट न्हाणीत गेली. पूर्वी ती आधी हात धुवायची. त्या दिवसापासून आधी कपाळ. साबण नाही, नुसतं पाणी. साबणाने हळद आणखी पेटते.

हे सगळं वहीतल्या पाच शब्दांशी जुळवायचं होतं. त्या शनिवारी मी केमला निघाले. खिडकीची जागा मिळाली, दौंडनंतर डबा रिकामा झाला आणि मी मोबाइलवर शब्दकोश उघडून बसले.

स्टॉलिड लगेच निकालात निघाला. लॅटिनमध्ये ज्या शब्दापासून तो आला त्याचा अर्थच मठ्ठ. हा उजवीकडच्या बाईचा शब्द. इम्पॅसिव्हचं मूळ ‘सोसणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. पेशंट, पॅशन, पॅसिव्ह ही सगळी त्याच घरातली भावंडं. म्हणजे दुःखाचा हात ज्याला लागत नाही तो इम्पॅसिव्ह. आज्जीला हात लागत नव्हता, हे मी कशावरून ठरवायचं? तोही खोडला. फ्लेग्मॅटिकने हसवलं. ग्रीक वैद्य शरीरात चार रस मानत, त्यांतल्या कफाचं ज्याच्यात प्राबल्य तो संथ, थंड, न हलणारा. आपल्या आयुर्वेदातही कफप्रकृतीचा माणूस स्थिर आणि शांत. दोन संस्कृतींनी शांत माणसाला खोकल्याच्या शेजारी नेऊन बसवलं. आज्जीच्या छातीत वर्षानुवर्षांच्या भुकटीने कफ होताच, पण सरांना तो अपेक्षित नव्हता.

डेडपॅनवर मी भिगवणपर्यंत रेंगाळले. पॅन म्हणजे अमेरिकी बोलीत चेहरा. शब्द रूढ झाला १९२० च्या दशकात, मूकपटांच्या भरात, आणि त्याचा राजा बस्टर कीटन. आईवडिलांबरोबर लहानपणापासून रंगमंचावर काम करताना त्याच्या ध्यानात आलं होतं, की आपण हसलो तर लोक कमी हसतात. मग तो हसेनासाच झाला. १९२८ च्या एका चित्रपटात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते, आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून उतरल्यामुळे तो वाचतो. भिंत खरी, वजन खरं, इंचांचा हिशेब चुकला असता तर माणूस गेला असता. चेहरा मात्र कोराच. मी ते दृश्य मोबाइलवर तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा मला त्याच्या जागी सूप घेतलेली आज्जी दिसायला लागली.

उरला स्टोइक. त्याचा उगम वाचला आणि मी गाडीत एकटीच मोठ्याने हसले.

ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास सायप्रसमधल्या किटियम गावचा झेनो अथेन्सला शिकवू लागला. स्वतःची शाळा नव्हती, म्हणून बाजारचौकाच्या कडेला खांबांच्या एका लांब ओसरीत तो शिष्यांना घेऊन बसे. तिच्या भिंतींवर चित्रं होती, मॅरेथॉनच्या लढाईचंही एक होतं. म्हणून लोक तिला रंगवलेली ओसरी म्हणत, स्टोआ पोइकिले. त्या ओसरीवर बसणारे ते स्टोइक. म्हणजे ज्यांच्या चेहऱ्यावर रंग चढत नाही आणि उतरत नाही, त्यांचं नाव पडलं ते एका रंगीबेरंगी ओसरीवरून. जगाला त्यात गंमत वाटो न वाटो, केमच्या पोरीला वाटणारच. आमच्या वाड्याची ओसरी काय वेगळी होती?

या पंथात पुढे एपिक्टेटस हा गुलाम झाला आणि मार्कस ऑरेलियस हा रोमचा सम्राटही. दोघांचे चेहरे शांत असतील, पण गुलामाच्या शांततेचा आणि सम्राटाच्या शांततेचा भाव एक कसा असेल? सम्राट रागावला नाही तर ते तत्त्वज्ञान. गुलाम रागावला नाही तर बहुतेकांना त्यात शहाणपण दिसतं. शिवाय स्टोइकांना भावनाच नव्हत्या हेही खरं नाही. विवेकातून उगवलेल्या आनंदाला त्यांच्याकडे जागा होती. लोकांनी त्यांचा चेहरा तेवढा ठेवून घेतला.

आपल्याकडेही हेच. निर्विकार हा शब्द घ्या. विकार म्हणजे बदल. दुधाचं दही होणं, हे जुन्या शास्त्रकारांचं लाडकं उदाहरण. त्या हिशेबाने कुंकू हा हळदीचा विकारच. ज्याच्यात असा बदल होत नाही तो निर्विकार, आणि हा शब्द आपण देवाला, साधूला आणि फार तर न्यायाधीशाला देतो. त्याहून वरचा स्थितप्रज्ञ. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, हा स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? उत्तरात कृष्ण कासवाचा दाखला देतो, इंद्रियांबद्दल पुष्कळ सांगतो, पण चेहऱ्याबद्दल अक्षर काढत नाही. चेहऱ्याचं आम्हीच घातलं त्यात. आणि खालच्या पायरीवरचे शब्द बाकीच्यांना वाटून टाकले : वर्गात उत्तर न देणारा पोरगा मख्ख, सासूला प्रत्युत्तर न देणारी सून घुमी, नवऱ्याच्या मढ्यापुढे न रडणारी बाई दगड. बाईला स्थितप्रज्ञ म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

तर स्टोइक आज्जीला द्यायचा, असं मी ठरवलं. आमच्याकडे तिला द्यायला चांगला शब्द नव्हता, तो अथेन्सच्या ओसरीवरून मिळत असेल तर घ्यावा. जेऊर मागे पडलं तेव्हा माझ्या मनात भाषण तयार होतं.

ते वर्ष २०२२. त्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता : कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने बाकीच्या गावांनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. हेरवाडचं नाव देशभर झालं, पण या हालचालीची एक मुळी आमच्या तालुक्यात होती. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी करोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि मग मुद्रांकावर लिहूनच दिलं, की माझ्या मागे माझ्या पत्नीला हे करायला लावू नये. मी ही बातमी आज्जीला मोबाइलवरून वाचून दाखवली होती. तिने सगळी ऐकली. मग म्हणाली, “आत्ता सांगत्यात व्हय?” आणि लसूण सोलायला घेतला.

त्या तीन शब्दांत काय होतं? राग? थट्टा? सतरा वर्षांचा हिशेब? मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. लसणाची साल उडत होती.

मी स्वतः पुण्यात कपाळाला काही लावत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, आवडत नाही. हे म्हणताना माझ्या चेहऱ्यावर काय असतं, ते मला ठाऊक नाही.

घरी पोचले तेव्हा आज्जी दारातल्या पायरीवर बसली होती. आता कामाला जात नाही. गुडघे गेलेत. मी चहा करून आणला आणि शेजारी बसून आधी खडा टाकून पाहिला. “आज्जी, तात्या गेले तवा तू रडली न्हाईस. कामावर पण कधी हसताना दिसली न्हाईस. असं का गं?”

“कामावर?” ती म्हणाली. “तोंड उघडलं की कुकू जातंय की आत.”

झेनो, एपिक्टेटस, मार्कस ऑरेलियस, सगळे एका दमात ओसरी उतरून गेले. मला क्षणभर काही सुचलं नाही. तात्यांबद्दल ती काहीच बोलली नव्हती, हे माझ्या ध्यानात आलं ते फार उशिरा, रात्री अंथरुणावर. त्या वेळी मी भाषण सोडून सरळ मुद्द्यावर आले.

“आज्जी, इंग्रजीत तुझ्यासारख्या माणसाला एक शब्द हाय. मोठा शब्द हाय. राजाला पण म्हणत होते. तू स्टोइक हायस.”

तिने बशीतला चहा संपवला, बशी कपाखाली ठेवली. “स्टो इक?”

“हां.”

“का? गॅस संपला मंजी मग काय करायचं?”

मला कळायलाच वेळ लागला. आमच्याकडे विकायला इकायला म्हणतात. फडताळाच्या वरच्या फळीवर तिचा रॉकेलचा पितळी स्टो होता, तात्यांनी कुर्डुवाडीहून आणलेला. रेशनचं रॉकेल बंद होऊन वर्षं झाली, तरी तिने तो मोडीत घालू दिला नव्हता.

“अगं, स्टो विक न्हाई, स्टोइक! तुझं कौतुक करतेय मी.”

“कौतुक करून इकायलाच लावणार की,” ती म्हणाली. “आन घेणार कोण? रॉकेल कुठंय आता?”

मी हसत सुटले. तिच्याकडे बघितलं. ती रस्त्यापलीकडच्या लिंबाच्या झाडाकडे बघत होती. भुवयांच्या मधला हिरवा ठिपका जागचा हलला नव्हता. ती खरंच तसं समजली होती की मला चघळत होती, काही पत्ता लागेना. वहीत खोडलेला डेडपॅन पुन्हा लिहावा की स्टोइकपुढे टीप द्यावी, याचा विचार करत मी कपबशा उचलल्या.

परीक्षेत त्या पाचांतला एकही शब्द आला नाही. दिवाळीला पुन्हा केमला गेले. स्टेशनवरून चालत गल्लीत वळले, तर आमच्या ओसरीवर, नेमका उन्हात, स्टो ठेवलेला. चिंचेने घासूनपुसून लखलखीत, सोन्यासारखा. शेजारी आज्जी. माझ्या पाठीमागे कुणी आहे का, ते तिने मान वाकडी करून नीट बघितलं.

“एकलीच आलीस?” ती म्हणाली. “गिऱ्हाईक कुठंय?”